खडू डाव्या हातात

"तस्लीम, आवाज येतोय का? येत असेल तर खडू डाव्या हातात घे."

संगणकाच्या पडद्यावर तस्लीम मुलाणी पाठमोरी उभी होती. फळ्यावर तिनं 'विषय : परिसर अभ्यास' एवढं लिहिलं होतं. तिनं खडू उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, क्षणभर तसाच धरला आणि परत उजव्या हातात घेऊन 'इयत्ता : चौथी' लिहिलं. वर्गात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नसेल. मागे खुर्चीत बसलेल्या परीक्षकांनाही नाही.

ती कारंडेवाडीच्या शाळेत होती. मी तिथून बत्तीस किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी, आमच्या अध्यापक विद्यालयाच्या तंत्रज्ञान कक्षात बसले होते. दार आतून लावून घेतलं होतं, कारण मी जे करत होते ते नियमात बसत नव्हतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील. मी निवृत्त होऊन पाच. तेव्हा डी.एड. विद्यालयांचे दिवस भरत आले होते. शिक्षकभरती बंद, म्हणून मुलं यायची बंद. पन्नास जागांच्या आमच्या विद्यालयात सतरा विद्यार्थी उरले होते आणि शिकवायला आम्ही दोघं, प्राचार्य आणि मी. बाकीच्यांची सोय संस्थेनं हायस्कुलात लावली होती. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना कुलपं होती. शिपाई सुटीवर असला की घंटा मीच द्यायची, आणि कधी कधी ती ऐकायलाही मी एकटीच असायची.

घरी निराळं काही नव्हतं. लग्न केलं नाही, आणि आई होती तोवर त्याची उणीव भासली नाही. आईला शेवटची दहा वर्षं कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरात मी ओरडूनच बोलायची. 'चहा घेतेस का' हे आजूबाजूच्या चार घरांना कळायचं. आई गेली आणि माझा आवाज तसाच मोठा राहिला. रिकाम्या घरात 'भात लावायला हवा' असं मोठ्यानं म्हटलं, की माझी मीच दचकायची.

अशा दिवसांत जिल्ह्याच्या एका प्रशिक्षणात आम्हाला ती पद्धत सांगितली. विद्यार्थी-शिक्षक वर्गात शिकवतो, त्याच्या कानात छोटं ब्लूटूथ असतं. मार्गदर्शक दुसरीकडे बसून व्हिडिओ कॉलवर पाठ बघतो आणि तिथल्या तिथे हळू आवाजात सूचना देतो. पाठ संपल्यावर निरीक्षण वहीत लाल शाईचे शेरे मारण्यापेक्षा चूक होता होताच सावरायची. बाकीचे जांभया देत होते. मला मात्र ती पद्धत ऐकताक्षणी पटली. माझा स्वभावच सांगण्याचा आहे. कुणी भाजी निवडत असलं तरी मी शेजारी उभी राहून देठ किती ठेवायचा ते सांगते.

तस्लीम माझ्याकडे आली ती नापास होऊन. आदल्या वर्षीच्या वार्षिक पाठात ती फळ्याकडे तोंड करून चार मिनिटं उभी राहिली होती. तारीख लिहिली, पुसली, परत लिहिली. परीक्षकांनी "बाई, सुरू करा" म्हटल्यावर तिला रडू कोसळलं आणि पाठ तिथंच संपला. वर्गातल्या वर्गात, मैत्रिणींना विद्यार्थी समजून घेतलेले छोटे पाठ ती बरे द्यायची. खरी मुलं समोर आली की तिची वाचा बसायची.

"घाबरतेस कशाला? नऊ वर्षांची पोरं ती," मी म्हटलं.

"म्हणून तर, मॅडम. मोठ्या माणसाला काय बोलायचं ते ठरल्यालं असतंय. पोरं काय बी बोलत्यात. मला पुढचं सुचत न्हाई."

"मी सुचवीन."

ती ओढणीच्या टोकाला पीळ देत म्हणाली, "एकच बारी हाय, मॅडम. अब्बा म्हणाले, या वक्ताला न्हाई झालं तर मामाच्या गावाला शिलाईचं दुकान हाय, तिथं बस. त्यांचं बी खरं हाय. पण मला शाळेतच जायचंय."

मी तिच्या कानात ब्लूटूथ बसवून दिलं. डोक्यावरच्या ओढणीखाली ते दिसत नव्हतं. शेजारच्या खोलीत जाऊन मी फोनवरून बोलले आणि धावत परत आले.

"आलं ऐकू?"

"आलं. पण मॅडम, तिथं वर्गात असल्यावर मला ऐकू आलं का न्हाई हे तुम्हाला कळणार कसं? मला तर मधी बोलता येणार न्हाई."

याचा विचार मी केला नव्हता, प्रशिक्षणातही कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच टेबलावरचा खडू उचलला आणि म्हणाली, "ऐकू आलं की मी खडू डाव्या हातात घेत जाईन."

डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही असे अकरा सराव पाठ केले. कारंडेवाडीच्या शाळेच्या खिडकीत तिचा फोन उभा करून ठेवलेला असायचा आणि आमच्या बंद पडत चाललेल्या इमारतीत मी तिच्याशी बोलत असायची. 'आता वळ. मुलांकडे बघ. हस थोडी. प्रश्न विचारलास ना, आता पाच आकडे मोज. मधल्या रांगेतल्या मुलाला उठव. शाबास म्हण.' तस्लीम सगळं करायची. कंडक्टरच्या घंटीवर ड्रायव्हर जसा थांबतो आणि निघतो, तशी ती माझ्या शब्दावर थांबायची आणि निघायची. मी हळू बोलायला शिकले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच माझा आवाज कुणाच्या तरी कानात अलगद पडत होता. पाठ झाल्यावर ती दहा मिनिटं फोनवर बोलायची आणि मला ती दहा मिनिटं दिवसभर पुरायची.

तिची प्रगती होत होती. निदान मला तसं दिसत होतं. मी या प्रयोगावर एक निबंधही लिहायला घेतला होता, मार्चमधल्या जिल्ह्याच्या चर्चासत्रात वाचायला. बारावा पाठ म्हणजे तिचा वार्षिक पाठ. तो उत्तम झाला की निबंधाचा शेवट आपोआप होणार होता.

अडचण एवढीच, की सरावाला ही मदत चालत होती, परीक्षेला नाही. परीक्षेला तिचा फोन खिडकीत ठेवायला परवानगी होती, तीही फक्त पाठ विद्यालयात दिसावा म्हणून.

"वार्षिक पाठाला नको, मॅडम," आदल्या दिवशी ती म्हणाली होती. "धरलं तर?"

"ओढणीखाली कोण बघतंय? आणि फक्त सुरुवातीची चार मिनिटं गं. एकदा सुरळीत लागलीस की मी गप्प."

मी गप्प बसणार नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. आणि खोटं कशाला सांगू, ते सगळं काही तिच्यासाठी नव्हतं.

पाठाचा घटक होता 'नकाशा आणि दिशा'. टाचण आम्ही दोघींनी तीनदा लिहून काढलं होतं. कुठला प्रश्न, त्याचं अपेक्षित उत्तर काय, त्यानंतर कुठला प्रश्न, सगळं रकान्यांत बसवलेलं होतं. मुलांनी कारंडेवाडीचा नकाशा काढायचा, शाळेच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय ते सांगायचं आणि शेवटी आपापल्या घराची खूण करायची.

मागच्या भिंतीशी परीक्षक कोळेकर सर बसले होते. त्यांच्या बाजूला छाया मेटकरी, तस्लीमची वर्गमैत्रीण, आपल्या फोनवर पाठ टिपत होती. दप्तरी ठेवायला प्रत्येक वार्षिक पाठाचं चित्रीकरण लागायचं.

"वळ आता," मी म्हटलं. "श्वास घे. सूर्य कुठून उगवतो ते विचार."

ती वळली. तिनं विचारलं. मुलांनी हात दाखवले. "शाबास म्हण," मी म्हटलं आणि ती म्हणाली. दोन-तीन मिनिटं ठीक गेली. मग दोन-तीन मुलं एकदम काहीतरी बोलली आणि तस्लीम अडखळली. तिनं आधी मुलांकडे बघितलं, मग फळ्याकडे. तिचे ओठ नुसतेच हलले. आदल्या वर्षीचंच सुरू होतंय असं वाटून मी पडद्याकडे वाकले.

"तस्लीम, घाबरू नकोस. पुढचा प्रश्न. शाळेच्या पूर्वेला काय आहे. म्हण. शाळेच्या पूर्वेला."

ती एकदम टेबलाच्या बाजूला गेली, म्हणजे माझ्या पडद्यावरून नाहीशी झाली. फोन खिडकीत होता, त्यातून टेबल दिसायचं नाही. त्याच वेळी वर्गाचा आवाज बसला, तोंडावर उशी धरून कुणी बोलावं तसा. नेटवर्क गेलं असणार. मी आवाज वाढवायचं बटण दाबत राहिले.

"चौकटीत ये. तस्लीम, मला दिसत नाहीस. चौकटीत ये."

ती आली, पण बऱ्याच वेळानं. तिच्या मागे चार-पाच मुलं जागेवरून उठलेली होती. कोण काय बोलतंय ते मला कळत नव्हतं. "बसव त्यांना," मी म्हटलं. तिनं बसवलं नाही. थोड्या वेळानं मुलं आपण होऊन बसली आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, ऐकलं तिनं.

तिसऱ्या रांगेत एक बारीकशी मुलगी होती. अकराही पाठांत ती एकदाही बोलली नव्हती. तिचं नाव मायाक्का, एवढंच मला माहीत होतं. नकाशाचं काम सुरू झालं आणि ती उठून उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र येत नव्हता. तस्लीम तिच्याजवळ गेली, वाकली, ऐकत राहिली. घड्याळात बावीस मिनिटं झाली होती.

"वेळ जातोय," मी म्हटलं. "उत्तर दे आणि पुढे जा. घराची खूण करायला सांग सगळ्यांना. तस्लीम, पुढे जा."

ती हलली नाही. तिनं मुलीला काहीतरी विचारलं, मुलीनं हात लांब करून दाखवला. तस्लीमनं तिला फळ्याकडे आणलं.

"बरं, असू दे," मी म्हटलं. "आणलंसच आहेस तर तिच्या हातात खडू दे."

तस्लीमनं तिच्या हातात खडू दिला. मी मांडीवर थाप मारली. कशी ऐकते पोरगी.

मायाक्कानं काढलेली रेघ गावाच्या नकाशातून निघाली, फळ्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथं थांबली. तस्लीमनं काहीतरी म्हटलं आणि त्या मुलीनं फळा सोडून भिंतीवर रेघ ओढायला सुरुवात केली. वर्ग उठून उभा राहिला. कोळेकर सरही लिहायचं थांबून बघत होते. भिंतीवर खडू, तोही वार्षिक पाठाला, म्हणजे गुण कापायचं आमंत्रण. "भिंतीवर नको," मी म्हणत होते, "भिंतीवर नको." मग सगळीच मुलं हसायला लागली, कोळेकर सर हसले, आणि मीही म्हटलं, "जाऊ दे, चालेल."

शेवटची पाच मिनिटं मुलं वहीत नकाशे काढत होती. तस्लीम त्यांच्यामधून फिरत होती. तिची चाल निराळीच दिसत होती, कुणाची घंटी ऐकायची नसलेल्या माणसासारखी. पाठ छान झाला होता, माझ्या सगळ्या आयुष्यात पाहिलेल्या पाठांत छान. आता ती पास होणार आणि जाणार.

"तस्लीम," मी म्हटलं, "झालं गं. जमलं तुला." तिथंच थांबायला हवं होतं. पण खोलीत कुणी नव्हतं, दार लावलेलं होतं, आणि तिला उलटून बोलता येणार नव्हतं. "सोमवारपासून या खोलीत मी कुणाशी बोलू? घरी गेलं की कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज नसतो. आई गेल्यापासून मला कुणी हाक मारलेली नाही. मॅडम म्हणतात सगळे. शैलू म्हणून कुणी नाही."

घंटा झाली. कोळेकर सर उठले. तस्लीम टेबलाच्या बाजूला गेली, सामान आवरायला असेल. आणि अचानक आवाज मोकळा झाला. मुलांचा गलका, बाकं सरकल्याचा आवाज, सगळं एकदम स्वच्छ.

"रविवारी मी घरीच असते," मी म्हणत होते. "दिवसभर कुणी नसतं. आठवण झाली तर फोन करत जा गं. ऐकू येतंय का?"

ती चौकटीत आली. दप्तर खांद्याला होतं, हातात खडूचा एक तुकडा. पाठ संपला होता, तिला आता काही लिहायचं नव्हतं. तिनं तो तुकडा डाव्या हातात घेतला.

तस्लीम पास झाली. कोळेकर सरांच्या गुणपत्रकावर शेरा होता : 'मुलांचं ऐकून घेणारा पाठ.' तो मी तीनदा वाचला आणि माझ्याच पाठीवर थाप मिळाल्यासारखी खूश झाले.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला तिचा फोन आला.

"मॅडम, कशा हाय? जेवण काय केलंय?"

"अजून काही नाही. तू बोल. कारंडेवाडीच्या शाळेत तुला ठेवून घेताहेत म्हणे?"

"तात्पुरतं. गुरुजी रजेवर हायत तोवर. अब्बा बी हो म्हणाले."

मग मी पाऊण तास बोलले. पहिल्या आठवड्यात वर्गाची बैठक कशी लावायची, फळ्याचे भाग कसे करायचे, हजेरी घेताना आवाज कसा ठेवायचा. ती हूं हूं करत होती. फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, गुणी मुलगी, उपकार विसरली नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी मी चर्चासत्रासाठी चित्रफितीचा तुकडा कापायला बसले. छायानं तिच्या फोनवरचं चित्रीकरण पेनड्राइव्हमध्ये घालून दिलं होतं. तिची जागा मागच्या भिंतीशी होती, त्यामुळे यात टेबल दिसत होतं.

चौथ्या मिनिटाला तस्लीम अडखळते. मुलं एकदम बोलतात. तिचे ओठ हलतात. मग ती टेबलाजवळ जाते, ओढणी सारखी केल्यासारखा हात कानाशी नेते, मूठ मिटते आणि ती मूठ खडूच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी करते. डब्याला झाकण लावते.

मी फीत मागे नेऊन परत बघितली. मग आणखी एकदा.

नेटवर्क गेलं नव्हतं. माइक ब्लूटूथमध्येच होता, म्हणून वर्गाचा आवाज मला डब्यातून येत होता आणि माझा आवाज डब्यात जात होता. सव्वीस मिनिटं मी खडूंना शिकवत होते. 'बसव त्यांना', 'पुढे जा', 'भिंतीवर नको', सगळं खडूंना. तिच्या हातात खडू दे, असं मी म्हणण्याच्या आधीच तस्लीमचा हात पुढे झालेला होता. हे चित्रात इतकं उघड होतं, की कुणालाही दिसलं असतं.

लाज वाटली, आणि रागही आला. कुणाचा ते ठरेना. मी फीत पुढे चालू ठेवली, कारण आता मला पहिल्यांदाच त्या वर्गात काय बोललं गेलं ते ऐकू येत होतं.

"शाळेच्या पूर्वेला काय आहे?" तस्लीम विचारते.

आमच्या टाचणात अपेक्षित उत्तर होतं, 'पाण्याची टाकी.' एक मुलगा म्हणतो, "काय न्हाई, बाई. नुसतं माळरान."

"नुसतं म्हणजे? माळावर काय काय हाय, चला खिडकीतनं बघू," तस्लीम म्हणते आणि मुलं उठतात. याच मुलांना मी बसवायला सांगत होते.

मग तिसऱ्या रांगेतली ती बारीक मुलगी उभी राहते. छायाच्या फोनवरही तिचं बोलणं कसंबसं उमटलं होतं. मी कान संगणकाला लावला.

"बाई, मी घराची खूण कुठं करू? आमचं घर कराडकडं गेलंय."

"कराडकडं?"

"आईदादा मेंढरं घिऊन गेल्यात. मी चुलत्याकडं असती. ते काय आमचं घर न्हाई. आमचं घर मेंढरासंगं असतं."

तस्लीम तिच्याजवळ वाकलेली. बराच वेळ काही बोलत नाही. पाच आकड्यांपेक्षा खूप जास्त.

"किती लांब असंल आता?" ती विचारते.

मायाक्का हात लांब करते.

"मग चल. फळ्यावर काढ. न्हाई मावलं तर भिंतीवर जाऊ."

आणि ती मुलगी रेघ ओढत जाते. वाटेतल्या मुक्कामांची नावं तिला पाठ असतात, वर्ग तिच्या मागून ती म्हणत जातो. शेवटी भिंतीवर, खिडकीच्या खाली, ती घराची खूण करते. मुलं हसतात. तीही हसते.

माझ्या अकरा पाठांत ती मुलगी का बोलली नव्हती, ते मला कळलं. ती बोलत असेलही. मी बोलत होते ना.

निबंधातून मी बारावा पाठ काढून टाकला. उरलेल्या अकरांवरचा निबंध वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. परीक्षेला मी काय करायला निघाले होते ते कुणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

पण त्या आठवड्यात माझ्या मनाला लागून राहिली होती वेगळीच गोष्ट. शेवटी मी जे बोलले, कुकरचं, आईचं, शैलूचं, तेही डब्यातच गेलं होतं. छायाचं चित्रीकरण घंटेलाच संपलं होतं, आणि शेवटी तस्लीमनं डाव्या हातात घेतलेला खडू मी सवयीवर घातला. आधी वाटलं, सुटले. मग घरी येऊन भात लावताना रडू आलं. इतक्या वर्षांत एकदा मनातलं बोलले, तेही पत्र्याच्या डब्याला.

रविवारी दहाला फोन आला.

"मॅडम, कशा हाय?"

"तस्लीम, मी छायाचं चित्रीकरण बघितलं."

पलीकडे कुठेतरी मोटार दुरुस्तीची घरघर चालली होती, तिच्या अब्बांचं दुकान असावं.

"मी सांगणार होते, मॅडम. हिंमत झाली न्हाई."

"का काढलंस?"

"पोरं ऐकू येईनात." मग घाईनं म्हणाली, "तुमचा राग न्हाई हं, मॅडम. तुम्ही होता म्हणून मी वर्गात उभी राहिली. पण कानात तुम्ही असला की मला तुम्हीच ऐकू येता. पोरं एकदम बोलाय लागली, मला एक बी शब्द कळंना. मग वाटलं, नापास व्हायचं तर पोरांचं ऐकून तरी होऊ. आणि ती मायाक्का तर लई बारीक बोलती."

"बरोबर केलंस," मी म्हटलं. ते म्हणायला मला फार कष्ट पडले. "म्हणजे मी काय बोलले, ते तू काहीच ऐकलं नाहीस."

"न्हाई."

"बरं झालं."

"शेवटचं तेवढं ऐकलं."

"शेवटचं म्हणजे?"

"घंटा झाल्यावर. दप्तर आवरताना डबा उघडला, तर आतनं बारीक आवाज येत हुता. मला वाटलं, मॅडम अजून शिकवत्यात. म्हणून कानात घातलं. तवा तुम्ही रविवारचं म्हणत होता."

म्हणजे पहिला फोन शिकवण्याच्या उपकाराचा नव्हता. मी पाऊण तास फळ्याचे भाग सांगत होते, आणि ती फक्त, मी घरी एकटी असते म्हणून, ऐकत बसली होती. तेव्हापासून आजपर्यंत तिचा रविवार चुकलेला नाही. ती कायम झाली, लग्न झालं, तिची मुलगी आता शाळेत जाते. दहा वाजता फोन येतोच.

पण हे सगळं पुढचं. त्या रविवारी ती म्हणाली, "मॅडम, काल वर्गात एक गंमत झाली. सांगू?"

माझ्या जिभेवर आलंच होतं, की आधी हजेरीचं सांग, बैठक कशी लावलीस ते सांग. मी ते गिळलं. ती सांगायला लागली. मायाक्काचे आईवडील मेंढरं घेऊन परतीच्या वाटेला लागले होते आणि ती रोज सकाळी भिंतीवरची घराची खूण पुसून थोडी अलीकडे काढत होती. रोज सगळा वर्ग घर कुठवर आलं ते बघायला उभा राहायचा. तस्लीम सांगत होती, मी ऐकत होते. मधे एकदाही बोलले नाही. इतका वेळ गप्प राहायची मला सवय नव्हती.

तिला शंका आली असावी. "मॅडम," ती म्हणाली, "ऐकू येतंय नव्हं?"

मी फोन डाव्या हातात घेतला. तिला ते दिसणार नाही हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.